मानसिक आघातावरील उपचारपद्धती

जीविताला, शरीराला किंवा लैंगिक स्वायत्ततेला गंभीर धोका पोहोचविणाऱ्या घटनेचा (उदा., युद्ध, भूकंप, अपघात, बलात्कार, छळ, आप्ताचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू) मनावर होणारा आणि घटना संपल्यावरही टिकून राहणारा परिणाम म्हणजे मानसिक आघात होय. या परिणामाच्या निवारणासाठी मानसचिकित्सेच्या ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. औषधोपचार व सामाजिक साहाय्य यांचा निर्देश अनुषंगाने येतो.

अशा घटनेनंतर काही दिवस झोप न लागणे, दचकणे, अन्नावरची वासना उडणे हे स्वाभाविक असते. त्यास विकृती म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सु. ७० टक्के लोकांना आयुष्यात केव्हा तरी आघातकारक प्रसंगास तोंड द्यावे लागते. परंतु आघातोत्तर तणाव विकृती जडलेल्यांचे प्रमाण सु. ३.९ टक्केच आढळते. म्हणजे बहुसंख्य माणसे आप्तस्वकीयांच्या आधाराने व काळाच्या ओघात सावरतात. ज्यांना सावरता येत नाही, त्यांच्यात तीन प्रकारची लक्षणे प्रामुख्याने दिसतात : घटना स्वप्नात किंवा जागेपणी पुनःपुन्हा अनुभवास येणे, तिची आठवण करून देणारी स्थळे, माणसे व विचार कटाक्षाने टाळणे, आणि धोका अद्याप टळलेला नाही अशा भावनेने सतत सावध असणे. यांतील पहिले लक्षण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. सामान्य आठवणीत माणूस भूतकाळाकडे वर्तमानातून पाहतो. आघातग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत भूतकाळच वर्तमानात शिरतो. रॉकेलच्या वासासरशी आग आठवत नाही, तर आग लागलेली असते. या आठवणीचे काय करावे, ती बोलून दाखवावी की झाकून ठेवावी, हा आघातोपचारांतील मूळ प्रश्न असून निरनिराळ्या पद्धतींतील मतभेद बव्हंशी याच प्रश्नाभोवती फिरतात.

इतिहास : या विकृतीचा अभ्यास प्रथम रेल्वे अपघातांच्या निमित्ताने झाला. जॉन एरिक एरिक्सन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये अपघातातून बाहेरून सहीसलामत वाटणाऱ्या प्रवाशांच्या तक्रारींचे कारण पाठीच्या कण्याला बसलेल्या धक्क्यात शोधले. जर्मन मज्जातंतुतज्ज्ञ हेर्मान ओपेनहाइम याने १८८९ मध्ये ‘आघातजन्य मज्जाविकृती’ ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये प्येअर झाने याने असह्य अनुभव जाणिवेपासून विलग होऊन स्वतंत्रपणे कार्य करीत राहतात, असे प्रतिपादन केले. योझेफ ब्रॉइअर व सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये उन्मादावरील आपल्या ग्रंथात अशा स्मृतींना भावनेसह वाचा फोडल्यास लक्षणे ओसरतात, असे दाखविण्याचा प्रयत्न केला. बोलण्यातून उपचार ही कल्पना येथून दृढ झाली.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न दवाखान्याच्या चार भिंतींबाहेर आणला. वाचा गेलेले, थरथरणारे, लुळे पडलेले हजारो सैनिक आघाडीवरून परतू लागले. चार्ल्स मायर्स याने १९१५ मध्ये या अवस्थेचे वर्णन ‘शेल शॉक’ या नावाने केले. हे नाव तोफगोळ्याच्या हादऱ्याकडे बोट दाखविणारे असल्याने दिशाभूल करणारे होते व पुढे खुद्द मायर्सलाही ते पटेनासे झाले. उपचारांत दोन टोके दिसून येत. लंडनमध्ये ल्यूइस यीलँड याने मुक्या झालेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करण्याचा मार्ग अवलंबिला. त्याच काळात एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या रुग्णालयात डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स (१८६४–१९२२) याने अगदी वेगळी वाट धरली. हा रिव्हर्स मानवशास्त्रज्ञही होता आणि निलगिरीतील तोडा लोकांवरील त्याचा १९०६ चा ग्रंथ भारतीय मानवशास्त्रात सुपरिचित आहे.

रिव्हर्सचे रुग्ण बहुधा एकच सल्ला ऐकून आलेले असत : झाले गेले विसरून जा. दिवसभर ते निश्चयाने मन दुसरीकडे गुंतवीत आणि रात्री दुःस्वप्नांनी किंचाळत उठत. विसरण्याचा हा प्रयत्नच लक्षणांना जिवंत ठेवतो, असे मत रिव्हर्सने डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या निबंधात मांडले. त्यात दिलेले एक उदाहरण आजही उद्‌बोधक आहे. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचा छिन्नविच्छिन्न देह आढळला होता आणि तेच दृश्य त्याला दररोज स्वप्नात दिसे. देहाची तशी अवस्था होण्याचा अर्थ मित्राला तत्काळ, वेदनेविना मृत्यू आला असा होतो, हे रिव्हर्सने त्याच्या लक्षात आणून दिले. या बाजूने त्या दृश्याकडे पाहणे अधिकाऱ्याला शक्य होते. त्याची दुःस्वप्ने थांबली. पुढे एकदा तेच दृश्य स्वप्नात आले, पण या वेळी भयाविना, आणि तो जागा झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत मित्रासाठी अश्रू होते. भयाची जागा शोकाने घेतली होती. याच निबंधात रिव्हर्सने दुसऱ्या एका रुग्णाचेही वृत्त दिले आहे. त्याचा अनुभव इतका किळसवाणा होता, की त्यात आधार घेण्याजोगा कोणताही अंश सापडेना. अशा रुग्णाला आठवणीपुढे बळेच उभे करणे रिव्हर्सने टाळले. पुढील शंभर वर्षांतील बरेच सिद्धांत या दोन उदाहरणांच्या तुलनेने एकेरी वाटतात.

युद्ध संपताच या विषयाकडे पुन्हा दुर्लक्ष झाले. व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या संघटना आणि स्त्रियांच्या चळवळी यांच्या रेट्याने तो पुन्हा पुढे आला. बलात्कारपीडित स्त्रियांत दिसणाऱ्या लक्षणसमूहाचे वर्णन ॲन बर्जेस व लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी १९७४ मध्ये केले आणि त्याचे सैनिकांच्या लक्षणांशी असलेले साम्य स्पष्ट झाले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. रणांगणावरील पुरुष आणि घरात वा रस्त्यावर अत्याचार सोसणारी स्त्री यांची व्यथा एकाच नावाखाली नोंदली जाणे, ही या वर्गीकरणाची महत्त्वाची फलश्रुती होय.

वर्तनवादी पद्धती : भय हे अभिसंधानाने शिकले जाते आणि टाळण्यामुळे टिकून राहते, असा विचार ओ. एच्. माउरर याने १९४७ मध्ये मांडला. टाळल्यामुळे तात्पुरते बरे वाटते. पण टाळलेली वस्तू आता निर्धोक आहे हे कळण्याची संधीही त्यामुळेच हुकते. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वॉल्पी याने स्नायू शिथिल ठेवून भयप्रद कल्पनांचा पायरीपायरीने सामना करण्याची पद्धत १९५८ मध्ये सविस्तर मांडली. एड्ना फोआ हिने १९८० नंतरच्या काळात विकसित केलेली प्रदीर्घ सन्मुखता चिकित्सा हे या परंपरेतील आजचे सर्वांत परिचित रूप आहे. तीत साधारणपणे दीड तासाच्या ८ ते १५ बैठका होतात. रुग्ण डोळे मिटून घडलेला प्रसंग वर्तमानकाळी क्रियापदांत, प्रथमपुरुषी, पुनःपुन्हा सांगतो. ते कथन ध्वनिमुद्रित करून घरी रोज ऐकतो. आणि टाळलेल्या, पण प्रत्यक्षात निर्धोक अशा स्थळी क्रमाक्रमाने जाऊ लागतो. सांगताना सुरुवातीस त्रास वाढतो, मग हळूहळू उतरतो. जुनी शिकवण यामुळे पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण तयार होते. म्हणूनच दीर्घ काळानंतर, नव्या संकटात, जुने भय पुन्हा डोके वर काढू शकते. पद्धत परिणामकारक असली, तरी ती मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

बोधनिक पद्धती : आघाताचे दुःख केवळ भयाचे नसते. ‘मी त्या वाटेने गेलेच कशाला’, ‘भाऊ गेला, मग मी कसा वाचलो’, ‘हे माझ्याच प्रारब्धाचे भोग’ यांसारखे निष्कर्ष माणूस घटनेतून काढतो आणि ते भयापेक्षाही चिवट ठरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक याने १९६० नंतर भावनिक अस्वास्थ्यामागील विचारांची तपासणी हाच उपचार, अशी भूमिका घेतली. एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना परकी नाही. एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार केलेले मुंबईचे कि. मो. फडके यांनी प्रशिक्षण व लेखन यांद्वारे तिचा महाराष्ट्रात प्रसार केला आणि ठाणे येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनेही तिचा पुरस्कार केला.

आघातासाठी खास अशी बोधनिक पद्धत पॅट्रिशिया रेसिक हिने १९८० नंतरच्या दशकात बलात्कारपीडित स्त्रियांवर उपचार करताना बांधली. सु. १२ बैठकांच्या या क्रमात रुग्ण प्रथम ‘हे माझ्या बाबतीत का घडले’ यावर आपले मत लिहून आणतो. मग सुरक्षितता, विश्वास, सामर्थ्य, आत्मप्रतिष्ठा व जवळीक या पाच बाबींविषयीचे त्याचे अडलेले विचार एकेक करून तपासले जातात. घटना टाळता आली असती हे घटनेनंतर कळणे आणि घटनेपूर्वी ठाऊक असणे, यांतील फरक रुग्णाला स्वतःच्या तोंडून सांगता येऊ लागला, की अपराधभाव सैल पडतो. तथापि प्रत्येक अपराधभाव भ्रामक नसतो. ज्या सैनिकाच्या हातून निरपराध माणूस खरोखरच मारला गेला आहे, त्याला ‘तुमचा दोष नाही’ असे सांगणे हा उपचार होत नाही. तेथे प्रायश्चित्त, कबुली व परिमार्जन यांचा विचार करावा लागतो. वरील दोन पद्धतींची तुलना ९१६ माजी अमेरिकन सैनिकांवर करण्यात आली (२०२२). तीत सन्मुखता चिकित्सा किंचित सरस ठरली, परंतु व्यवहारात महत्त्वाचा ठरावा एवढा हा फरक नव्हता.

नेत्रचलन पद्धती : फ्रान्सीन शापीरो हिने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत ई. एम्. डी. आर्. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. रुग्ण क्लेशकारक दृश्य मनात धरतो आणि त्याच वेळी चिकित्सकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांचा नजरेने पाठपुरावा करतो. तपशीलवार कथनाची गरज नसल्याने लाजेमुळे बोलू न शकणाऱ्यांना ती सोयीची वाटते. ती गुणकारी असल्याचे मान्य झाले आहे. मात्र गुण नेमका डोळ्यांच्या हालचालीने येतो, की आठवण समोर ठेवल्यानेच, याविषयी दुमत आहे. एक स्पष्टीकरण असे, की आठवण व हालचाल या दोहोंसाठी लागणारी अल्पकालीन स्मरणाची क्षमता मर्यादित असल्याने दृश्याचा ठसठशीतपणा ओसरतो.

कथनपद्धती : ज्यांच्या आयुष्यात एक नव्हे, तर अनेक आघात एकामागून एक आले आहेत, अशा निर्वासितांसाठी माग्गी शाउअर, फ्रांक नॉयनर व टोमास एल्बर्ट या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत तयार केली. जमिनीवर एक दोरी पसरतात. ती जन्मापासूनच्या आयुष्याची रेषा. तिच्यावर सुखाच्या प्रसंगांसाठी फुले आणि आघातांसाठी दगड ठेवले जातात. नंतर क्रमाने साऱ्या आयुष्याची कथा सांगितली जाते, चिकित्सक ती लिहून घेतो आणि अखेर सही करून तिची प्रत सांगणाऱ्याच्या हाती देतो. युगांडातील इम्वेपी येथील वसाहतीत सुदानी निर्वासितांवर हा प्रयोग झाला (२००४). केवळ चार बैठका घेतलेल्यांपैकी एक वर्षानंतर २९ टक्के लोकांत विकृती शिल्लक होती; नुसता धीर देणारे समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते. अभ्यास लहान, अवघ्या ४३ व्यक्तींचा होता. पण उपचारानंतरही ती माणसे छावणीतच, दारिद्र्यात व अनिश्चिततेत राहत होती, हे लक्षात घेता त्याचे मोल कमी ठरत नाही. लष्करी राजवटीत छळ सोसलेल्यांची साक्ष नोंदविण्याची पद्धत याआधीच चिलीमध्ये उदयास आली होती. तिचे एक रूप वाराणसीत पोलिसी छळाला बळी पडलेल्यांसाठी २००८ पासून वापरण्यात आले. त्यात लिहिलेली साक्ष लोकांसमोर सन्मानपूर्वक वाचून दाखविली जाते.

तत्काळ उपचारांचा प्रश्न : बोलणे हितकारक, तर मग घटना घडताच सर्वांना बोलते करावे, असा तर्क साहजिक होता. अमेरिकेतील जेफ्री मिचेल याने अग्निशामक व तत्सम कर्मचाऱ्यांसाठी १९८३ मध्ये अशी सामूहिक बैठक सुचविली आणि लवकरच ती बँकांपासून शाळांपर्यंत सर्वत्र घेतली जाऊ लागली. प्रत्यक्ष चाचण्यांनी तर्काला दुजोरा दिला नाही. रस्ते अपघातांतील जखमींची तीन वर्षांनंतर पाहणी केली (२०००) तेव्हा आरंभी अधिक अस्वस्थ असलेल्यांपैकी ज्यांना अशी बैठक मिळाली होती, ते ती न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळले. स्वाभाविकपणे भरून येणारी जखम घाईने उघडल्याने हे घडले असावे. त्यामुळे सरसकट एकवेळच्या बैठकीची शिफारस आता केली जात नाही. तिच्या जागी मानसिक प्रथमोपचार आला आहे : सुरक्षित निवारा, अन्नपाणी, हरवलेल्या माणसांचा शोध, आणि बोलावेसे वाटेल त्याचे ऐकणे. न बोलणाऱ्याला खोदून विचारू नये, हा त्यातील महत्त्वाचा नियम. गावाकडे दुःखाच्या घरी शेजारणी भाकरी घेऊन येतात व न बोलता बसून राहतात, त्या रीतीशी हे अगदी जुळते.

दीर्घकालीन अत्याचार : बालपणापासून घरातच अत्याचार झाले असतील, तर आठवणीबरोबर माणसावरचा विश्वासही मोडलेला असतो. जूडिथ हर्मन हिने १९९२ मध्ये अशा उपचारांचे तीन टप्पे कल्पिले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि जगाशी पुन्हा नाते जोडणे. २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या जटिल प्रकाराची वेगळी नोंद आहे. पहिल्या टप्प्यावर किती काळ थांबावे यावर वाद आहे. तयारीच्या नावाखाली मुख्य काम वर्षानुवर्षे लांबते, हा आक्षेप निराधार नाही. उलट दिशेचा धोकाही नोंदविला पाहिजे. संमोहनासारख्या उपायांनी ‘विसरलेल्या’ आठवणी उकरून काढण्याच्या अट्टाहासातून १९८० नंतर अमेरिकेत न घडलेल्या घटनांच्याही आठवणी निर्माण झाल्या आणि कुटुंबे उद्ध्वस्त झाली. लहान मुलांसाठी खेळ व चित्रे यांचा वापर करून पालकांनाही उपचारात सहभागी केले जाते.

औषधे व शारीरिक पद्धती : सर्ट्रॅलीन (१९९९) व पॅरॉक्सेटीन (२००१) या औषधांना अमेरिकेत या विकृतीसाठी मान्यता मिळाली. त्यांचा उपयोग मर्यादित असून शक्य तेथे मानसचिकित्सेलाच अग्रक्रम दिला जातो. झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपीन गटातील गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे (२०१३). योगाभ्यासाने निद्रा व भय यांत सुधारणा झाल्याचे २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात केलेल्या पाहणीत दिसले. मात्र योग हा मुख्य उपचारास पूरक मानणे सयुक्तिक होय.

भारतातील स्थिती : भोपाळ येथील वायुदुर्घटनेनंतर (२–३ डिसेंबर १९८४) आपद्‌ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा देशात प्रथमच पद्धतशीर विचार झाला. दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी सु. २२ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचे आढळले. तेथे मानसोपचारतज्ज्ञ जवळजवळ नव्हतेच. म्हणून बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना या कामाचे शिक्षण दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेल्याने दगडी बांधकामाचीच धास्ती बसली, ती घरे नव्याने बांधतानाही दिसून आली. या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा दीर्घकालीन अभ्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने केला.

आघाताची लक्षणे आपल्याकडे अनेकदा ‘बाधा’ किंवा ‘लागीर’ समजली जातात आणि रुग्ण प्रथम देवऋषीकडे जातो. त्यामागे केवळ अज्ञान असते असे नाही. जवळपास दुसरे कोणी नसते, हेही एक कारण आहे. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरविला आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा (१४४१६) सुरू झाली. तज्ज्ञांच्या तुटवड्यावर अधिक मूलगामी उपाय गोव्यात अजमावण्यात आला. तेथील ‘संगथ’ या संस्थेने स्थानिक, बिगरवैद्यकीय व्यक्तींना अल्प प्रशिक्षण देऊन खिन्नतेच्या रुग्णांचे समुपदेशन करविले आणि त्याचा चांगला परिणाम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आला. नाकिव्हाले येथेही पुढील प्रयोगात निर्वासितांपैकीच काही जणांनी समुपदेशकाचे काम यशस्वीपणे केले. अशा व्यक्ती रुग्णाचीच बोली बोलतात. त्यांच्यावर तज्ज्ञांची नियमित देखरेख असणे आणि आत्महत्येचा विचार, व्यसन किंवा घरात चालू असलेली मारहाण दिसताच रुग्णाला पुढे पाठविण्याची सोय असणे, या दोन अटी मात्र सोडता येत नाहीत. कारण ज्या घरात मार अद्याप थांबलेला नाही, तेथे भय ही विकृती नसून सावधगिरी असते.